पसरण्याला शिस्त लावणारा झोत

लेसर म्हटला की डोळ्यांपुढे येते ती सुतासारखी सरळ, कधीही न फाकणारी रेघ. प्रत्यक्षात २ मिलिमीटर जाडीचा लाल लेसर झोत १०० मीटर अंतर कापेपर्यंत सुमारे ४ सेंटिमीटर रुंद झालेला असतो. झोत आणखी बारीक केला तर तो आणखी लवकर फाकतो. प्रकाश तरंगरूप आहे आणि तरंगाला अरुंद जागेत कोंडले की तो बाजूंना पसरणारच. या पसरण्याला विवर्तन म्हणतात आणि कितीही महागडा लेसर घेतला तरी त्यातून सुटका नाही.

मग बारीकही असेल आणि लांबपर्यंत बारीकच राहील, असा झोत मिळेल का? अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाच्या जे. डर्निन यांनी १९८७ मध्ये याचे उत्तर गणिताने दिले. मध्यभागी तेजस्वी ठिपका, भोवती एकात एक प्रकाशकडी आणि कितीही पुढे गेले तरी तीच नक्षी, असे उत्तर तरंगांच्या समीकरणातच दडलेले होते. या नक्षीचे गणित जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल यांच्या नावाने ओळखले जाते, म्हणून हा ‘बेसेल झोत’. डफावर थाप पडली की ताणलेले चामडे कसे कंप पावते, हे सांगायलाही तेच गणित लागते.

त्याच वर्षी डर्निन, मिसेली आणि एबर्ली यांनी हा झोत प्रयोगशाळेत दाखवला. मांडणी अगदी साधी होती. एका पडद्यात २.५ मिलिमीटर व्यासाची, जेमतेम १० मायक्रोमीटर रुंदीची गोल चीर आणि तिच्यापुढे ३०५ मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग, बरोबर तेवढ्याच अंतरावर. भिंगापलीकडे केसाएवढा बारीक ठिपका मिळाला आणि तो जवळपास ८५ सेंटिमीटर टिकला. तेवढ्याच जाडीचा नेहमीचा झोत काही सेंटिमीटरांतच दुप्पट रुंद झाला असता.

हे घडते कसे? चिरेच्या प्रत्येक बिंदूतून निघालेला प्रकाश भिंगातून बाहेर पडताना अक्षाकडे एकाच ठरावीक कोनाने झुकतो. चहूबाजूंनी आलेले हे तरंग अक्षावर एकमेकांत मिसळतात आणि तिथे ठिपका उजळतो. ते तरंग लगेच अक्ष ओलांडून निघून जातात, पण पुढच्या जागी भिंगाच्या कडेकडून निघालेले नवे तरंग येऊन पोचतात. भोई खांदा बदलत राहतात आणि पालखी पुढे जात राहते, तसेच हे. भिंगाची कड संपली, नवे तरंग येईनासे झाले, की ठिपकाही संपतो.

चिरेची पद्धत बहुतेक प्रकाश वाया घालवते. त्यावरचा उपाय रोचेस्टरमध्येच आधीपासून तयार होता. ईस्टमन कोडॅकच्या जॉन मॅक्लिओड यांनी १९५४ मध्ये ‘ॲक्सिकॉन’ मांडला. त्याचा नेहमीचा प्रकार म्हणजे एक बाजू सपाट आणि दुसरी बसक्या शंकूसारखी असलेली काच. ती सगळाच प्रकाश हव्या त्या कोनाने अक्षाकडे वळवते.

ठिपक्याला बाजूंनी प्रकाश मिळत असल्याने आणखी एक गुण हाती येतो. वाटेत एखादा कण आडवा आला तर त्याच्या मागे थोड्या अंतरापर्यंत सावली पडते, मग ठिपका पुन्हा उभा राहतो. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात किशन ढोलकिया आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये याच गुणाच्या जोरावर ३ मिलिमीटर अंतरावरच्या दोन कुप्यांतले सूक्ष्म कण एकाच झोताने एकाच वेळी पकडून दाखवले.

सूक्ष्मदर्शकात हा झोत जिवंत पेशीतून झरझर फिरवून प्रकाशाचा पातळ पडदा तयार करतात. एरिक बेट्झिग यांच्या गटाने २०११ मध्ये या तऱ्हेने पेशींची त्रिमित चित्रणे केली. काच कापताना नेहमीच्या झोताचा धारदार भाग फार आखूड पडतो. उलट बेसेल झोताचा एकच अतिलघु स्पंद काचेत खोलवर सरळ, बारीक वाट पाडतो. अशा वाटा ओळीने पाडल्या की काच त्या रेषेवर स्वच्छ सुटते.

याची किंमतही मोजावी लागते. भोवतालच्या प्रत्येक कड्यात मधल्या ठिपक्याइतकीच ऊर्जा असते. दहा कडी असतील तर ठिपक्याच्या वाट्याला सुमारे अकरावा हिस्सा येतो. काचेत हे खपून जाते, कारण ऊर्जा पसरट कड्यांत विरळ असते आणि काचेवर परिणाम करण्याइतकी तीव्रता फक्त मध्यभागी असते. सूक्ष्मदर्शकात मात्र कडी आजूबाजूचा भागही उजळवतात आणि चित्र धूसर होते. म्हणून तिथे फक्त तीव्र प्रकाशालाच प्रतिसाद मिळेल अशी दोन फोटॉनांची पद्धत वापरतात, किंवा कडी परस्परांना खोडतील अशी अनेक झोतांची जाळी रचतात.

‘न पसरणारा’ हे विशेषण म्हणूनच जपून वापरायला हवे. अनंत अंतर टिकणाऱ्या झोताला ऊर्जाही अनंत लागेल. भिंग तेच ठेवून कोन वाढवला तर ठिपका बारीक होतो आणि पल्ला घटतो. कोन कमी केला तर पल्ला वाढतो आणि ठिपका जाड होतो. विवर्तनाचा नियम इथे कुणी मोडलेला नाही. त्या नियमाशी नीट सौदा करून, हवा तेवढा पल्ला हव्या त्या ठिकाणी मिळवता येतो, आणि पेशी पाहणाऱ्याला किंवा काच कापणाऱ्याला तेवढाच लागतो.