आभासांची साक्ष

धाप लागलेले मांजर समोर आले असता, त्याच्या फुप्फुसांत पाणी उतरले आहे, छातीच्या पोकळीत द्रव साचला आहे, की दम्याने श्वासनलिका आकसल्या आहेत, याचा निवाडा पशुवैद्यास तातडीने करावा लागतो. आणि क्ष-किरण चित्रासाठी त्यास बळेच आडवे निजवावे, तर तेवढ्या श्रमानेही ते दगावण्याची भीती असते. अशा प्रसंगी, रुग्णास बसल्या जागेवरून न हलविता आणि प्राणवायू चालू ठेवून, छातीवर लावता येणारा अल्ट्रासाउंडचा प्रोब फार उपकारक ठरतो.

वस्तुतः फुप्फुस हा प्रांत या तंत्राच्या अखत्यारीबाहेरचा मानला जात असे. कारण ऊतक आणि हवा यांच्या सीमेवर ध्वनिलहरी जवळजवळ सर्वच्या सर्व परत फिरतात. निरोगी फुप्फुसावर या लहरी प्रोब आणि फुप्फुसावरण यांच्यामध्ये वारंवार परावर्तित होतात, आणि पडद्यावर समान अंतराच्या आडव्या रेषा उमटतात. फुप्फुसाचा पृष्ठभाग पाण्याने जड झाला, की त्या पुसून टाकीत, श्वासाबरोबर सरकणाऱ्या शुभ्र उभ्या रेषा खोलवर उतरतात. या दोहोंपैकी कोणतीही रेषा शरीरात प्रत्यक्ष नसते. परंतु फ्रान्समधील अतिदक्षता-तज्ज्ञ डॅनियल लिश्टनस्टाइन यांनी या आभासांनाच साक्षीस बोलावून २००८ साली मनुष्यासाठी निदानपद्धती मांडली, व अमेरिकन पशुवैद्य ग्रेगरी लिशांड्रो यांनी छातीच्या दोन्ही बाजूंस चार-चार ठिकाणे तपासण्याचा परिपाठ श्वान-मार्जारांसाठी सिद्ध केला.

अनेक ठिकाणी दाट उभ्या रेषा दिसल्या, तर हृदयविकारजन्य जलसंचयाचा संशय बळावतो. दम्यात बहुधा फुप्फुस कोरडेच आढळते. आणि आवरणाची श्वासागणिक होणारी सरक दिसेनाशी झाली, तर छातीत हवा कोंडल्याची शंका घ्यावी लागते. तथापि उभ्या रेषा रक्तस्राव वा न्यूमोनिया यांतही उमटतात, आणि हवेने वेढलेली खोलवरची गाठ या परीक्षेस दिसतच नाही. म्हणून क्ष-किरणांचे दप्तर गुंडाळण्याचे कारण नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी कुत्रे वा मांजर असेल, त्यांनी ते गाढ झोपले असता त्याचे श्वास मोजावेत, आणि ते मिनिटास ३० हून अधिक वारंवार भरू लागले, तर धाप लागण्याची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा.