वेब सर्व्हरच्या मॉड्यूलांमधील विनंतीनिहाय माहितीची देवाणघेवाण

वेब सर्व्हरकडे आलेली विनंती बाहेरून पाहता एकच व्यवहार भासते. अंतर्भागात मात्र ती अनेक मॉड्यूलांच्या हातांतून जाते. समजा, सोलापूर जिल्ह्यातील वेळापूरच्या एखाद्या खातेदाराने सातबाऱ्याचा उतारा मागितला. एक मॉड्यूल त्याची ओळख पडताळते, दुसरे अधिकार तपासते, तिसरे उतारा सिद्ध करते व चौथे व्यवहाराची नोंद ठेवते. पहिल्याने निश्चित केलेला खाते क्रमांक इतर तिघांस कळला पाहिजे. परंतु त्याच क्षणी आलेल्या दुसऱ्या खातेदाराच्या विनंतीत तो मिसळता कामा नये. प्रश्नाचे मर्म या दोन अपेक्षांत आहे.

सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे सामाईक चल. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अपाची सर्व्हरच्या उदाहरणाने त्यातील धोका स्पष्ट होतो. ज्या रचनेत प्रत्येक प्रक्रिया एका वेळी एकच विनंती हाताळते, तेथे हा दोष बहुधा झाकलेला राहतो. २००२ साली स्थिरावलेल्या २.० मालिकेत एकाच प्रक्रियेत अनेक थ्रेड चालविण्याची सोय झाली. अशा वेळी दोन थ्रेड एकाच चलावर लिहितात आणि एकाचा उतारा दुसऱ्याच्या हाती पडू शकतो.

माहिती जोडणीशी निगडित ठेवणे हाही निर्दोष मार्ग नव्हे. एका जोडणीवरून क्रमाने अनेक विनंत्या येतात. पुढे मध्यस्थ सर्व्हर असल्यास त्या निरनिराळ्या व्यक्तींच्याही असू शकतात.

म्हणून अपाचीमध्ये प्रत्येक विनंतीसाठी ‘रिक्वेस्ट-रेक’ ही स्वतंत्र संरचना निर्माण होते व तीच क्रमाने प्रत्येक मॉड्यूलकडे सोपविली जाते. तिच्यातील ‘नोट्स’ हा तक्ता नाव व मूल्य अशा अक्षरमालांच्या जोड्या साठवितो. नाव ठाऊक असणारे कोणतेही मॉड्यूल ते मूल्य वाचू शकते. तथापि दोन मॉड्यूलांनी एकच नाव योजल्यास घोटाळा होतो. यास्तव नावाआधी मॉड्यूलचे नाव जोडणे इष्ट.

माहिती गुंतागुंतीची असल्यास ‘रिक्वेस्ट-कॉन्फिग’ अधिक उपयुक्त ठरते. त्यात प्रत्येक मॉड्यूलला स्वतःचा कप्पा असतो व तेथे संपूर्ण संरचनेचा निर्देशक ठेवता येतो. इतरांनी तो कप्पा थेट उघडण्यापेक्षा मालक मॉड्यूलने माहिती देणारे ‘वैकल्पिक फलन’ नोंदवावे. ते मॉड्यूल सर्व्हरमध्ये नसेल, तर शोध घेणाऱ्यास शून्य निर्देशक मिळतो आणि तो आपला मार्ग बदलू शकतो.

येथे दोन दक्षता आवश्यक आहेत. पहिली, स्मृतीविषयी: साठविलेली वस्तू विनंतीच्या स्मृतिकोशातून घ्यावी. विनंती संपताच तो कोश रिकामा होतो. म्हणून त्यातील निर्देशक अन्यत्र जपून ठेवणे घातक ठरते. दुसरी, अंतर्गत पुनर्निर्देशनाविषयी: अशा वेळी नवी संरचना नव्या, रिकाम्या ‘नोट्स’ तक्त्यासह जन्मते. जुनी माहिती हवी असल्यास ‘प्रेव्ह’ या दुव्याने, आणि उपविनंतीत ‘मेन’ या दुव्याने, मूळ संरचनेपर्यंत जावे लागते. ओळख पडताळूनही पुढील मॉड्यूलला ती ‘हरवलेली’ दिसते, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

सारांश, माहितीचे आयुष्य विनंतीच्या आयुष्याएवढेच असावे आणि तिचे स्थान विनंतीबरोबर चालणाऱ्या संरचनेतच असावे. या मर्यादेत राहूनच मॉड्यूलांचे सहकार्य आणि खातेदाराची गुप्तता ही दोन्ही साधतात.