वजनाचं वऱ्हाड

१९७२ सालच्या ऑक्टोबरात पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात पोर्शेने एक गाडी मांडली, ९११ कॅरेरा आरएस २.७. किंमत ३४,००० जर्मन मार्क. त्यावर आणखी ७०० मार्क मोजले, की तिची ‘स्पोर्ट’ आवृत्ती मिळे. हे ७०० मार्क कशाचे? मागच्या सीट काढून टाकल्याचे. गालिचा काढल्याचे, दारांवरचे हात टेकायचे टेकू काढल्याचे, डॅशबोर्डवरचं घड्याळ काढल्याचे. पुढच्या झाकणावर कंपनीचं धातूचं मानचिन्ह असायचं, तिथे त्याचं चित्र असलेलं स्टिकर. भाजी घेतल्यावर मूठभर कोथिंबीर वर मागून घेणाऱ्या आपल्यासारख्यांना हा व्यवहार उफराटाच वाटणार: पैसे जास्त आणि सामान कमी!

पण गंमत आकड्यांत आहे. या गाडीची ‘टुरिंग’ नावाची सुखवस्तू बहीण १,०७५ किलोची होती, आणि ही ९६० किलोची. इंजिन दोघींचं तेच, २१० अश्वशक्तीचं. उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला टुरिंगला ६.३ सेकंद लागत, स्पोर्टला ५.८. इंजिनाला कुणी हातही लावला नव्हता. गालिचा, घड्याळ आणि असंच किडूकमिडूक उतरवून अर्धा सेकंद कमावला होता. शर्यतीच्या जगात अर्धा सेकंद म्हणजे जहागिरी.

भरलेलं गॅस सिलिंडर स्कूटरवर पायांशी ठेवून ज्याने कधी घर गाठलं आहे, त्याला यातलं निम्मं शास्त्र आधीच ठाऊक आहे. निघताना स्कूटर कुरकुरते, वळणावर अंग टाकते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ब्रेक दाबल्यावर थांबायला तयार नसते. अश्वशक्ती वाढवली तर यातली फक्त पहिली तक्रार दूर होते. वजन उतरवलं की तिन्ही मिटतात. सरळ रस्त्यावर गाठता येणारा कमाल वेग मात्र वजन घटवून फारसा वाढत नाही, कारण तिथे झुंज हवेशी असते आणि हवेला गाडीच्या वजनाशी काही देणंघेणं नसतं. हलक्या गाडीची खरी मजा वळणांच्या रस्त्यावर.

थांबण्याचा हिशेब तर थक्क करणारा आहे. १,००० किलोची गाडी ताशी १८० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्या अंगात साडेबारा लाख ज्यूल ऊर्जा साठलेली असते. नळाचं चार लिटर पाणी उकळायला एवढी उष्णता पुरते. घरच्या शेगडीला त्यासाठी पाव तास तरी लागेल. इथे जोरात ब्रेक दाबला की साधारण पाच सेकंदांत हे सगळं आधण चार ब्रेकच्या चकत्यांत ओतलं जातं. गाडी १,५०० किलोची असली तर पाणी सहा लिटरवर जातं. आणि हे एका वळणापुरतं झालं. पुढचं वळण येईपर्यंत चकत्या निवल्या नाहीत, तर ब्रेक हळूहळू दगा द्यायला लागतात.

वळण घेण्यात आणखी एक कोडं आहे. शाळेतलं सूत्र सांगतं की घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे गाडी जड झाली तर तिला वळवायला जोर जास्त लागेल खरा, पण टायरची पकडही तेवढीच वाढेल, आणि हिशेब बरोबरीत सुटेल. मग हलकेपणाचा वळणावर फायदा काय? फायदा असा, की रबर त्या शाळेत गेलेलं नाही. रबर मऊ असतं. ते डांबरातल्या खडीच्या खाचाखोचांत शिरून बसतं, म्हणूनच पकड मिळते. पण एकदा त्या खाचा बऱ्यापैकी भरल्या, की वरून कितीही दाबलं तरी शिरायला नवी जागा उरत नाही. भार दुप्पट केला तर पकड दुपटीला थोडी कमीच भरते. म्हणून हलकी गाडी तोच टायर घालून तेच वळण जास्त वेगाने काढते.

मात्र या सगळ्याहून मला भुरळ घालणारी गोष्ट वेगळीच आहे. गाडीत वजन कधी एकटं येत नाही, वऱ्हाड घेऊन येतं. इंजिन मोठं घेतलं की त्याला धरून ठेवणारा सांगाडा दणकट लागतो. सांगाडा जड झाला की स्प्रिंगा जाड लागतात, ब्रेक मोठे लागतात. मोठे ब्रेक मावायला चाकं मोठी. एवढं सगळं ओढायला पेट्रोल जास्त, म्हणून टाकी मोठी. टाकी भरली की गाडी पुन्हा मंद, म्हणून इंजिन आणखी मोठं! हेच वऱ्हाड उलट्या पावली परतही पाठवता येतं. दहा किलो मनापासून काढले, तर त्यांच्या पाठोपाठ आणखी काही किलो आपण होऊन निघतात.

हे परत पाठवणं सर्वांत देखणं जमलं ते लोटसला. इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातल्या हेथेलची ही कंपनी. संस्थापक कॉलिन चॅपमन हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इमारती-पुलांच्या बांधणीचं शास्त्र शिकलेला गडी, आणि गाडीकडेही तो पुलासारखंच पाही: कुठला भाग खरोखर भार पेलतो आणि कुठला नुसताच बसून खातो? तो १९८२ मध्ये गेला. पण १९९६ मध्ये विक्रीला आलेली लोटस एलिस ही त्याच वळणाची. आख्खी गाडी साधारण ७२५ किलोची. आजच्या शहरातल्या बहुतेक छोट्या हॅचबॅकही तिच्याहून जड भरतात.

एलिसचा सांगाडा जवळून पाहण्यासारखा आहे. तो ॲल्युमिनियमचा, वजन ६८ किलो, म्हणजे एका माणसाएवढं. आता ॲल्युमिनियम पोलादाच्या एक तृतीयांश वजनाचं असतं खरं, पण त्याचा ताठपणाही एक तृतीयांशच असतो. नुसता धातू बदलून काही साधत नाही, आकार बदलावा लागतो. फूटपट्टी आडवी धरून वाकवा, सहज वाकते. तीच उभी धरा, हलत नाही. पट्टी तीच, वजन तेच. रुंदी तेवढीच ठेवून वाकण्याच्या दिशेने उंची दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. म्हणून एलिसच्या दोन्ही कडांना पातळ भिंतींचे, उंच, पोकळ डबे आहेत. त्यांच्यापायी गाडीत शिरताना पाय पार कमरेपर्यंत उचलून कसरत करावी लागते, ते सोडा.

हे डबे बनतात शेवेसारखे. ॲल्युमिनियमचा तापवून मऊ केलेला गोळा प्रचंड दाबाने साच्यातून दाबला की पलीकडून हव्या त्या आकाराची लांबच लांब पोकळ पट्टी निघते. साक्षात सोऱ्याच! ब्रेक-क्लचची पेडलंसुद्धा अशाच पट्टीतून कापलेली. मग हे तुकडे जोडायचे कशाने? वेल्डिंगने नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने ॲल्युमिनियम कमजोर पडतं, आणि ती कमजोरी भरून काढायला भिंती जाड कराव्या लागतात. एलिसचे तुकडे चक्क इपॉक्सी गोंदाने चिकटवले आणि भट्टीत भाजून पक्के केले. धक्क्याने सांधे सोलवटून निघू नयेत म्हणून जोडीला स्क्रू. गोंदाने भिंती पातळ राहिल्या, गाडी हलकी झाली. हलकी झाली म्हणून पॉवर स्टिअरिंग लागलं नाही, त्याचा पंप लागला नाही, ब्रेकला मदतनीस यंत्रणा लागली नाही. वऱ्हाड निघालं परत! १.८ लिटरचं, १२० च्या आसपास अश्वशक्तीचं रोव्हरचं घरगुती इंजिन तिला पुरून उरलं.

पण वजन घटवताना कुठे थांबायचं हा प्रश्न जिवाशी गाठ घालणारा आहे. सगळे किलो सारखे नसतात. चाकाजवळचा किलो सर्वांत महाग, कारण चाक, टायर, ब्रेक यांना स्प्रिंगांचा आधार मिळत नाही. रस्त्याच्या प्रत्येक उंचवट्यावर ते सगळं ओझं उडतं, आणि ते जितकं जड तितका टायर रस्त्याला पुन्हा टेकायला उशीर. म्हणून १९७० च्या लोटस ७२ या फॉर्म्युला वन गाडीत पुढचे ब्रेक चाकातून काढून आत, गाडीच्या अंगात बसवले. कल्पना तल्लख होती. फक्त आता चाक आणि ब्रेक यांच्यामध्ये एक दांडा आला. ५ सप्टेंबर १९७० ला इटलीतल्या मोंझाला सरावात लोटसचा चालक योखेन रिंट याच्या गाडीचा हाच दांडा तुटला. गाडी ज्या कठड्यावर आदळली तोही धड बसवलेला नव्हता, आणि मृत्यूचा ठपका इटालियन न्यायालयाने त्या कठड्यावर ठेवला. रिंट मृत्यूनंतर त्या वर्षीचा विश्वविजेता ठरला. मला त्या दांड्यात दोष दिसतो तो असा, की हलकेपणाने तिथे वजनाऐवजी एक नवा दुवा आणून ठेवला, आणि तो तुटला तर सावरायला दुसरं काही नव्हतं.

पोर्शेने त्याच काळात ही भीती उघडउघड मोजायचं ठरवलं. त्यांच्या ९१७ या शर्यतीच्या गाडीचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या बारीक नळ्यांचा होता, पन्नास किलोंच्या आतला. इतक्या हलक्या नळ्यांना तडा जाणारच. म्हणून नळ्यांतच दाबाखाली वायू भरला आणि चालकापुढे दाब दाखवणारा काटा बसवला. काटा उतरला, म्हणजे बुडाखाली कुठेतरी सांगाडा तडकला. ताशी तीनशेच्या वर वेगाने जाताना एक डोळा त्या काट्यावर ठेवून बसलेला तो चालक माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

जाता जाता त्या ७०० मार्कांचं काय झालं तेही सांगतो. कॅरेरा आरएसच्या १,५८० गाड्या बनल्या. घड्याळ काढलेली स्पोर्ट घेतली फक्त २०० जणांनी. १,३०८ गिऱ्हाइकांनी २,५०० मार्क जादा मोजले आणि टुरिंग घेतली. मागच्या सीट, गालिचा आणि घड्याळासकट.