गाझीची कैफियत

भडगावाहून समुद्र पाहावयाचा म्हटले तर आधी पाचोरा किंवा चाळीसगाव गाठून मुंबईची गाडी धरावी लागते. गिरणेला भर श्रावणात आलेला पूर हेच ज्यांनी पाहिलेले सर्वांत मोठे पाणी, अशी पुष्कळ माणसे आमच्या तालुक्यात आजही आहेत. तरीसुद्धा कपाशीचा भाव आणि केळीवरचा रोग यांची चर्चा संपून गोष्ट 1971 च्या युद्धावर आली म्हणजे बंगालच्या उपसागरात ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी कोणी बुडविली याचा निर्णय चहाच्या दुसऱ्या कपाच्या आतच लागतो. ‘आपल्या पाणबुडीनं फोडली ना भाऊ ती, पिच्चरमध्ये दाखवलंय ना,’ असे कोणी म्हणतो. दुसरा, काहीसा अधिक वाचलेला, ‘सरकारनं सांगितलं ते सगळं खोटं, ती आपोआप बुडाली,’ असे सांगून गप्प बसतो. या दोन्ही वाक्यांत थोडे तथ्य आहे आणि पुष्कळ घोटाळा आहे. म्हणून हा मामला जरा सावकाशीने उलगडून पाहणे बरे.

प्रथम पडद्यावरील गोष्टीचा निकाल लावू, कारण तो सर्वांत सोपा आहे. ‘द गाझी ॲटॅक’ हा चित्रपट 2017 साली आला आणि त्यात ‘एस-21’ नावाची भारतीय पाणबुडी समुद्रतळाशी गाझीशी झुंजून तिचा नाश करते, असे दाखविले आहे. ही झुंज कधीही झालेली नाही. एस-21 हा क्रमांक प्रत्यक्षात ‘करंज’ या पाणबुडीचा; आपल्या उरणजवळच्या करंजा बेटाचे नाव धारण करणारी ही पाणबुडी त्या युद्धात पश्चिमेच्या समुद्रात गस्त घालीत होती आणि तिचे कप्तान विजयसिंह शेखावत हे पुढे नौदलप्रमुख झाले. गाझीशी कोणत्याही भारतीय पाणबुडीची गाठ पडल्याचे भारत सरकारही म्हणत नाही आणि पाकिस्तानही म्हणत नाही. ज्या दोन पक्षांचे या प्रकरणात जवळजवळ कशावरही एकमत नाही, त्यांचे याबाबतीत मात्र एकमत आहे.

मग गाझी विशाखापट्टणच्या दाराशी कशी आली? ती मूळची अमेरिकेची ‘डायब्लो’. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बांधलेली ही जुनी पाणबुडी 1964 मध्ये पाकिस्तानच्या आरमारात भाड्याने दाखल झाली. पाकिस्तानजवळ 1971 मध्ये फ्रेंच बनावटीच्या तीन नव्या पाणबुड्याही होत्या. परंतु कराचीहून निघून सिंहलद्वीपाला वळसा घालून बंगालच्या उपसागरात जाणे आणि परत येणे एवढा पल्ला त्यांच्या आवाक्याबाहेरचा असल्यामुळे ही कामगिरी जुन्या गाझीकडे आली. कमांडर जफर मुहम्मद खान यांच्या हुकमाखाली नव्वदहून अधिक माणसे घेऊन ती 14 नोव्हेंबर रोजी कराचीहून निघाली. तिचे मुख्य सावज होते ‘विक्रांत’ ही आपली एकमेव विमानवाहू नौका, जिच्या बाष्पकांपैकी एकाला तडा गेल्यामुळे तिचा वेग मंदावला होता आणि म्हणूनच जिची काळजी नौदलाला अधिक वाटत होती.

येथून पुढे जी मसलत झाली ती कोणत्याही बखरकाराने आनंदाने लिहावी अशी आहे. पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी विक्रांतला अंदमानच्या उत्तरेकडील पोर्ट कॉर्नवॉलिस या निर्जन आखातात धाडून दिले आणि ती विशाखापट्टणच्या आसपासच आहे असा देखावा उभा केला. ‘राजपूत’ नावाची एक जुनी विनाशिका, जी इंग्रजांच्या आरमारात ‘रॉदरहॅम’ म्हणून हयात घालवून आपल्याकडे आली होती आणि जिचे दिवस आता भरत आले होते, तिला समुद्रात पाठवून तिच्यावरून विमानवाहू नौकेला शोभेल इतक्या मोठ्या प्रमाणावर बिनतारी संदेश सोडण्यात आले. विशाखापट्टणच्या बाजारात भाजीपाला आणि मांस यांच्या मोठ्या मागण्या नोंदविण्यात आल्या, कारण हजारभर खलाशांची नौका येणार असल्याची बातमी बंदरातील हेरांच्या कानावर भाजीवाल्याच्या तोंडूनच सर्वांत लवकर जाते, हे कृष्णन पुरते जाणून होते. इतकेच नव्हे तर विक्रांतवरील एका खलाशाच्या आईच्या आजारपणाची चौकशी करणारी एक खाजगी तार, नियम मोडून, उघड्या भाषेत सोडण्यात आली. शत्रूने ती ऐकावी यासाठीच. गाझीने ती ऐकली की नाही ते सांगण्यास कोणी उरले नाही. पण ती विशाखापट्टणला आली आणि विक्रांत तेथे नव्हती, हे निर्विवाद आहे. या प्रकरणातील भारतीय नौदलाचा खरा विजय माझ्या मते हाच होय, आणि तो पुढच्या कोणत्याही वादाने कमी होत नाही.

वाद आहे तो त्यानंतरच्या काही मिनिटांचा. सरकारी कैफियत अशी : 3 डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या पश्चिमेकडील विमानतळांवर हल्ले केल्यावर त्याच रात्री राजपूत विशाखापट्टणच्या बंदरातून बाहेर पडली, तिचे कप्तान लेफ्टनंट कमांडर इंदरसिंह यांना पुढ्यात पाण्याची संशयास्पद खळबळ दिसली, तेव्हा त्यांनी वेगाने जाऊन त्या जागी दोन डेप्थ चार्ज टाकले, आणि त्यानंतर काही वेळाने, मध्यरात्र उलटून गेल्यावर, एक एवढा प्रचंड स्फोट झाला की शहरातील खिडक्यांची तावदाने हादरली. सकाळी मच्छीमारांना तरंगणारे अवशेष सापडले, गोताखोरांनी खाली उतरून नौकेची ओळख पटविली आणि इंदरसिंह यांना वीरचक्र मिळाले. गाझीतून वर आणलेले एक घड्याळ शहरातील तावदाने हादरली त्याच सुमारास बंद पडलेले होते, असा दाखलाही दिला जातो.

या कैफियतीवर पहिली शंका घेतली जाते ती विलंबाची. स्फोट झाला 3 आणि 4 डिसेंबरच्या मधल्या रात्री. जाहीर झाला तो 9 डिसेंबरला. मला हा आक्षेप फारसा वजनदार वाटत नाही. युद्ध चालू असताना शत्रूची पाणबुडी बुडाल्याची खात्री पटण्यापूर्वी बोभाटा करणे मूर्खपणाचे ठरले असते आणि खात्री पटल्यावरही शत्रूला काही दिवस अंधारात ठेवण्यात फायदाच होता.

दुसरी शंका मात्र तशी झटकून टाकता येत नाही, कारण ती लोखंडाच्या साक्षीवर उभी आहे. डेप्थ चार्ज पाणबुडीच्या बाहेर फुटतो; त्याच्या दाबाने तिचे कवच आत चेपले जाते. नौकेच्या पोटात दारूगोळा फुटला तर पत्रे बाहेरच्या बाजूस उमलतात. गाझीच्या पुढच्या भागाची, म्हणजे टॉर्पेडो आणि सुरुंग ठेवण्याच्या भागाची, जी वर्णने भग्नावशेष पाहून आलेल्यांकडून मिळतात ती दुसऱ्या प्रकाराकडे बोट दाखवितात. मग आतला स्फोट कशाने झाला? एक शक्यता अशी की, बंदराच्या मार्गात सुरुंग पेरण्याच्या खटपटीत, शहरात दिवे मालवलेले असल्यामुळे किनाऱ्याचा अदमास चुकून गाझी स्वतःच पेरलेल्या सुरुंगावर गेली आणि त्याच्या धक्क्याने आतला दारूगोळाही फुटला. दुसरी अशी की, विद्युत्घट भरताना त्यांतून निघणारा हायड्रोजन वायू आत साठला. हवेत त्याचे प्रमाण शेकडा चारच्या वर गेले की एक ठिणगीही पुरे होते, आणि समुद्रात दडून राहण्यासाठी दार लावून बसलेल्या जुन्या नौकेत हे अशक्य नव्हे. ही दुसरी शक्यता आपल्याच नौदलातील व्हाइस ॲडमिरल मिहिर रॉय यांनी आपल्या ग्रंथात नमूद केली आहे. तिसरी शक्यता या दोन्ही बाजूंना जोडणारी आहे : राजपूतच्या डेप्थ चार्जने कवच फुटले नसेल, परंतु त्याच्या धक्क्याने आतील एखादा सुरुंग वा टॉर्पेडो फुटला असेल.

म्हणून ‘राजपूतने गाझी बुडविली’ आणि ‘गाझी आपोआप बुडाली’ या दोहोंतून एकच निवडले पाहिजे हाच एक मोठा गैरसमज आहे. हवानाच्या बंदरात 15 फेब्रुवारी 1898 रोजी अमेरिकेची ‘मेन’ ही युद्धनौका अडीचशेहून अधिक माणसांसह उडाली, तेव्हा चौकशी मंडळाने बाहेरच्या सुरुंगाचा निष्कर्ष काढला आणि अमेरिका स्पेनवर तुटून पडली; पुढे 1976 मध्ये ॲडमिरल रिकोव्हर यांनी तज्ज्ञांकडून त्याच पत्र्यांच्या जुन्या नोंदींचा अभ्यास करवून घेतला, तेव्हा कोळशाच्या कोठीतील आगीने आतला दारूगोळा पेटला असावा असा निष्कर्ष निघाला. लोखंड तेच, वाचणाऱ्यांची घाई वेगळी. आपल्याकडे 1971 मध्ये पूर्व विभागाच्या सैन्याचे चीफ ऑफ स्टाफ असलेले जनरल जेकब यांनी पुढे नौदलाच्या कथनावर उघड शंका घेतली. भूदलाच्या माणसाने नौदलाविषयी बोलावे हे कित्येकांना रुचले नाही, परंतु आक्षेपाचे उत्तर आक्षेप घेणाऱ्याच्या गणवेशात शोधण्यात अर्थ नसतो.

इकडच्या कैफियतीवर शंका घेणाऱ्यांपैकी पुष्कळ जण पलीकडच्या कैफियतीवर मात्र डोळे झाकून इतबार ठेवतात, हेही नमूद केले पाहिजे. याच गाझीने 1965 च्या युद्धात भारताच्या ‘ब्रह्मपुत्रा’ या फ्रिगेटवर टॉर्पेडोचा अचूक मारा केल्याचा दावा पाकिस्तानने केला होता; ब्रह्मपुत्रेला त्या युद्धात ओरखडाही उमटला नाही. त्याच युद्धात पाकिस्तानी नौकांनी द्वारकेवर तोफा डागल्या, त्याचा उत्सव तिकडे 8 सप्टेंबरला नौदल दिन म्हणून होतो. आपला नौदल दिन 4 डिसेंबरला असतो आणि तो गाझीसाठी नसून त्या रात्री निर्घात, निपात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर केलेल्या हल्ल्यासाठी असतो. हा खुलासा मुद्दाम करतो, कारण शाळांतील भाषणांत या दोन्ही घटनांची खिचडी वारंवार होते. कराचीच्या हल्ल्यात ‘खैबर’ ही विनाशिका बुडाली, याविषयी दोन्ही बाजूंचे एकमत आहे. त्यानंतर तिकडे एवढी घबराट उडाली की पाकिस्तानी विमानांनी आपल्याच ‘झुल्फिकार’ नावाच्या नौकेला शत्रूची समजून तिच्यावर मारा केला.

गाझी बुडाली म्हणजे पाकिस्तानची पाणबुडी-शक्ती संपली, असाही एक समज आहे, आणि तो फार महाग पडलेल्या वस्तुस्थितीच्या विरुद्ध आहे. ‘हंगोर’ ही त्या तीन फ्रेंच पाणबुड्यांपैकी एक. युद्ध सुरू होण्याआधीच्या दिवसांत ती मुंबईच्या समोर दबा धरून होती आणि आपला पश्चिम ताफा बंदरातून निघून तिच्या जवळून गेला. परंतु युद्ध जाहीर झालेले नव्हते आणि मारा करण्याचा हुकूम तिला नव्हता. पुढे 9 डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात तिने ‘खुकरी’ या भारतीय फ्रिगेटचा टॉर्पेडोने वेध घेतला. गाझीच्या जलसमाधीची बातमी दिल्लीने जाहीर केली त्याच दिवसाची ही रात्र. खुकरीबरोबर 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतःचे जीवरक्षक जाकीट दुसऱ्यास देऊन नौका सोडण्याचे नाकारले. बुडत्या नौकेबरोबर कप्तानाने बुडालेच पाहिजे असा नौदलाचा नियम आहे, असे कित्येकांना वाटते. असा नियम नाही, ती मुल्लांची स्वतःची निवड होती आणि म्हणूनच तिचे मोल आहे. खुकरीचा वेग त्या वेळी कमी होता, कारण तिच्या सोनार यंत्राची श्रवणशक्ती वाढविण्याचा एक प्रयोग चालू होता; पाणबुडीच्या टापूत मंद गतीने जाणे पत्करावे काय, हा प्रश्न नौदलातील जाणत्यांनीच पुढे विचारला आहे. मुल्लांच्या शौर्याचा आदर राखूनही तो प्रश्न विचारता येतो, आणि त्यांना मिळालेले महावीरचक्र हे त्याचे उत्तर नव्हे.

राहता राहिले अमेरिकेचे सातवे आरमार. अमेरिकेची ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू नौका आपल्या ताफ्यासह बंगालच्या उपसागराकडे निघाली, आणि रशियन पाणबुड्या पाण्यावर येऊन तिला अडवून उभ्या राहिल्या, ही आमच्याकडची अत्यंत आवडती कथा. रशियाच्या नौका व्लादिवोस्तॉकहून निघून हिंदी महासागरात आल्या हे खरे आहे. परंतु अमेरिकन ताफा मलाक्काच्या सामुद्रधुनीतून येऊन पोहोचेपर्यंत 14–15 डिसेंबर उजाडला होता आणि 16 तारखेला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सही झाली. अडविण्याजोगे काही घडण्यापूर्वीच युद्ध संपले. ताफा पाठविण्याचे अधिकृत कारण पूर्व पाकिस्तानात अडकलेल्या अमेरिकन नागरिकांची सुटका हे सांगितले गेले, परंतु ढाक्यातून परदेशी माणसांना ब्रिटिश विमानांनी 12 तारखेलाच बाहेर काढले होते. या कारणावर शंका घेणारे त्या वेळी अमेरिकेचे निंदक ठरले. पुढे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने 2005 मध्ये त्या संकटाची दप्तरे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, तेव्हा पश्चिम पाकिस्तानवर हात टाकू नये हा इशारा भारताला आणि रशियाला देणे हाच निक्सन-किसिंजर यांचा हेतू होता, हे त्यांच्याच संभाषणांवरून उघड झाले. गाझीविषयी असे काही होईल अशी आशा बाळगण्यास जागा थोडी आहे : आपल्या नौदलाजवळची त्या प्रकरणाची कागदपत्रे नष्ट करण्यात आल्याची बातमी 2010 मध्ये वृत्तपत्रांत आली, आणि मूळ पुरावा म्हणून जे काही उरले आहे ते विशाखापट्टणसमोर, बंदरापासून फार दूर नव्हे, गाळात रुतलेले आहे.