टिकल्यांची खोली
कलाप्रदर्शनात ‘हात लावू नका’ ही पाटी ठरलेलीच. जपानी कलाकार यायोई कुसामा यांनी मात्र २००२ मध्ये ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड आर्ट गॅलरीत मुलांसाठी अख्खी खोली मोकळी सोडली! भिंती, टेबल, खुर्च्या, सगळं पांढरंशुभ्र. येणाऱ्याच्या हातात रंगीत गोल स्टिकरचा कागद; हव्या तिथे टिकल्या चिकटवा. दिवसागणिक टिकल्यांवर टिकल्या चढतात आणि खुर्ची कुठे संपते, भिंत कुठे सुरू होते, हेच कळेनासं होतं. पुढे ही खोली लंडनच्या टेट मॉडर्नमध्येही मांडली गेली. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की चित्र काढता यायची अटच नाही. रांगतं बाळ जमिनीलगत टिकली लावतं, आजोबा वर भिंतीवर. आपल्याकडच्या प्रदर्शनांतही अशी एक खोली हवीच!