फॉक्सप्रोचा इंडेक्स मधूनच बिघडतो तेव्हा

सकाळी बिलं व्यवस्थित निघतात आणि दुपारी एकाएकी 'इंडेक्स डझ नॉट मॅच टेबल' असा संदेश येतो. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला की काम सुरू होतं. जुन्या फॉक्सप्रोवर हिशेब ठेवणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा अधिकृत आधार जानेवारी २०१५ मध्ये संपला, त्यामुळे दुरुस्ती आपल्यालाच करावी लागते. ती नीट क्रमाने केली, तर जमते.

आधी रचना समजून घेऊ. मूळ नोंदी डीबीएफ फाइलमध्ये, म्हणजे टेबलात असतात. इंडेक्स म्हणजे त्या नोंदींची क्रमवार सूची. पुस्तकाच्या शेवटी विषयासमोर पानाचा आकडा असतो, तशीच. ती सीडीएक्स फाइलमध्ये असते आणि त्या फाइलमधल्या प्रत्येक सूचीला टॅग म्हणतात. नोंद बदलली आणि सूची मागे राहिली, की चूक दिसते.

पहिली पायरी, नक्कल. सगळ्यांना प्रोग्राममधून बाहेर यायला सांगा. मग डीबीएफ, सीडीएक्स आणि असल्यास एफपीटी (लांब मजकुराची फाइल) यांची एकत्र नक्कल करा. घाईत एफपीटी राहून गेली, तर ती नक्कल अपुरी ठरते.

दुसरी पायरी, नोंदवही. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, संगणक, टेबल आणि चालू असलेलं काम लिहा. एकाच संगणकावर चूक येत असेल, तर त्याची केबल, वायफाय किंवा नेटवर्क कार्ड तपासा. सगळीकडे येत असेल, तर सर्व्हरची डिस्क, अचानक जाणारी वीज आणि डेटाच्या फोल्डरवर चालणारा अँटिव्हायरस पाहा.

एका ठरावीक कामानंतरच चूक येत असेल, तर संशय प्रोग्रामवर घ्या. टेबलाच्याच नावाची सीडीएक्स टेबलाबरोबर आपोआप उघडते. जुनी, सुटी आयडीएक्स फाइल मात्र प्रोग्रामने मुद्दाम उघडावी लागते. समजा, बिलाच्या स्क्रीनने ती उघडली, पण परताव्याच्या स्क्रीनने न उघडताच नोंद टाकली. ती नोंद सूचीत येणारच नाही. गोंधळ मात्र नंतर, बिलाच्या स्क्रीनवर उघड होतो. बहुतेकांची फसगत इथेच होते.

तिसरी पायरी, नवी बांधणी. टेबल एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त आपल्यासाठी उघडा. 'डिस्प्ले स्टेटस' ही आज्ञा देऊन प्रत्येक टॅगचं नाव आणि सूत्र कागदावर उतरवा. निव्वळ 'रीइंडेक्स'वर विसंबू नका. ती आज्ञा सूत्रं त्याच सीडीएक्समधून घेते, आणि तीच बिघडली असतील तर चूक परत येते. सुट्या टेबलासाठी 'डिलीट टॅग ऑल' देऊन 'इंडेक्स ऑन'ने टॅग नव्याने बांधणं चांगलं. टेबल डीबीसीमध्ये, म्हणजे टेबलांच्या जोडण्या सांभाळणाऱ्या फाइलमध्ये असेल, तर थांबा. मुख्य टॅग काढल्यास त्या जोडण्याही तुटतात. त्यांची नोंद आधी करा आणि डीबीसीचीही नक्कल घ्या.

चौथी पायरी, पडताळणी. टॅग लावून नोंदी एकेक करत मोजा, मग टॅगशिवाय मोजा. अट किंवा 'युनिक' नसलेल्या टॅगसाठी दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत.

नवी बांधणी हा उपचार झाला. कारण शोधल्याशिवाय दुखणं जात नाही. नोंदवही पुढेही चालू ठेवा, सर्व्हरला यूपीएस लावा आणि संगणक बंद करण्याआधी प्रोग्राममधून बाहेर पडण्याची सवय सगळ्यांना लावा.