जुनी फियाट विकताना : ऑनलाइन लिलावाचे गणित

कोपर-डोंबिवली परिसराचे जुन्या मोटारींशी असलेले नाते नवे नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मूळ कारखाना कुर्ल्यात होता. कंपनीचा दुसरा कारखाना कोपरपासून फार दूर नसलेल्या कल्याण-शीळ मार्गावर उभा राहिला आणि नव्वदच्या दशकात ‘प्यूजो ३०९’ तेथेच तयार झाली. मात्र मध्यमवर्गाच्या मनात घर केले ते १९६४ मध्ये आलेल्या ‘फियाट ११०० डिलाइट’ने आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने धावलेल्या तिच्याच वारसदाराने. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. आता वडिलांची फियाट भंगारात काढावी की जाणकाराच्या हाती सोपवावी, असा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे आहे. भंगारवाला वजनावर भाव करतो, तर संग्राहक अस्सलपणावर. या दोन भावांमधील तफावत मोठी असते आणि तेथेच ऑनलाइन लिलावाचे महत्त्व आहे.

अस्सलपणाला मोल

मूळ १,०८९ सीसी इंजिन, स्टिअरिंगलगतचा गिअर, कारखान्यातील डायल आणि नोंदणी पुस्तकाशी जुळणारे चासी व इंजिन क्रमांक या बाबींवर भाव ठरतो. मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवलेली गाडी चालते उत्तम, पण संग्राहकाच्या लेखी तिची किंमत घटते. म्हणूनच विक्रीपूर्वी घाईने नवा रंग मारणे अनेकदा तोट्याचे ठरते. उन्हात घेतलेली सर्व बाजूंची, तळाची, गंजाची आणि क्रमांकपट्टीची छायाचित्रे तसेच थंड इंजिन सुरू करतानाचे चित्रीकरण द्यावे. दोष आधीच सांगितले की बोली लावणाऱ्याला धीर येतो; ते पाहणीत उघड झाले की सौदा मोडतो.

राखीव किंमत

लिलावात विक्रेता एक राखीव किंमत ठरवू शकतो. बोली तेथपर्यंत न पोहोचल्यास विक्रीचे बंधन नसते. मात्र ही किंमत भावनेपोटी फार चढी ठेवली तर ग्राहक पाठ फिरवतात. अमेरिकेतील ‘ब्रिंग अ ट्रेलर’ या २००७ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावर अखेरच्या दोन मिनिटांत बोली आल्यास मुदत वाढते. त्यामुळे शेवटच्या क्षणी बोली लावून गाडी स्वस्तात पदरात पाडून घेता येत नाही. मुंबईच्या ‘अस्तगुरू’ या लिलावगृहानेही नोव्हेंबर २०२० मध्ये व्हिंटेज मोटारींचा ऑनलाइन लिलाव घेतला होता. लिलावगृहाचे शुल्क कोणाकडून व किती घेतले जाते, वाहतुकीचा खर्च कोण करणार, हे आधी लेखी ठरवून घ्यावे. पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकण्याची वा क्यूआर कोड स्कॅन करण्याची गरज नसते. तसे सांगणारा ग्राहक फसवा समजावा.

पन्नाशीचा नियम

केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपातील बिगरव्यावसायिक गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पद्मिनीच्या पहिल्या गाड्यांनी २०२४ मध्ये ही पन्नाशी गाठली. व्हिंटेज नोंदणीमुळे प्रतिष्ठा मिळते, पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे व दुरुस्ती अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज चालवण्यासाठी गाडी हवी असलेल्या ग्राहकाला ही मर्यादा आधीच सांगावी.

नाव बदलल्याशिवाय सुटका नाही

खरी जोखीम विक्रीनंतर सुरू होते. विजेत्याने पैसे दिले, गाडी परगावी गेली, पण नोंदणी जुन्याच नावावर राहिली, असे घडते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले, की गाडी पुढे अनेकांना विकली गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. राज्यांतर्गत विक्रीची सूचना विक्रेत्याने १४ दिवसांत देणे मोटार वाहन कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. गाडी परराज्यात जाणार असल्यास नमुना २८ नुसार ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. कोपरच्या रहिवाशांसाठी हे काम कल्याण परिवहन कार्यालयाच्या अखत्यारीत येते.

मालक हयात नसल्यास आधी वारसाच्या नावे नोंद करून घ्यावी आणि मगच लिलावात उतरावे. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय किल्ली देऊ नये आणि नोंदणी पुस्तकावर नव्या मालकाचे नाव लागेपर्यंत व्यवहार संपला असे मानू नये.